बाहीच्या आत

व्याख्यान ऐन रंगात आलेलं असताना तिच्या हातांनी तिला न विचारता एक खूण केली, लहानपणानंतर कधीच न केलेली.

प्राध्यापक फळ्यापाशी उभे होते. ती, खुणांच्या भाषेची दुभाषी, त्यांच्या डाव्या अंगाला, जराशी मागे, गडद एकरंगी कपड्यांत. हे काम करणाऱ्याचे हात तेवढे उठून दिसावे लागतात, बाकीचं माणूस दिसलं नाही तरी चालतं. पहिल्या रांगेत खळी बसली होती. बहिऱ्यांच्या जगात प्रत्येकाला हाताने घ्यायचं एक नाव असतं, आणि या मुलीचं नाव घेताना तर्जनी गालात रुतवून किंचित फिरवायची. खळीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वर्गात जे बोललं जाईल ते खुणांच्या भाषेत तिच्यापर्यंत पोचवायचं, एवढ्यासाठी विद्यापीठाने हिला नेमलेलं. आजचा विषय वर्महोल. शब्दाला खूणच नव्हती, म्हणून दोघींनी आधी ठरवून टाकलं होतं की नुसती बोटांनी अक्षरं करायची. प्राध्यापक सांगत होते, ही कल्पना सिनेमावाल्यांची नव्हे. आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं गणित अजून ओलं होतं तेव्हाच कुणाला तरी त्याचा आकार काढताना दिसलं होतं की जड ताऱ्याभोवतीची जागा नरसाळ्यासारखी आत उतरते. पुढे वीसेक वर्षांनी स्वतः आइन्स्टाइन आणि त्याचा तरुण सहकारी रोझेन या नरसाळ्यापाशी परत आले. त्यांना खुपत होता तो एक बिंदू, जिथे गणितातले आकडे अनंत होतात, म्हणजे गणित हात वर करतं. तो बिंदूच त्यांनी कापून टाकला आणि तिथे तस्साच दुसरा पदर आणून जोडला. दोन पदर, मधे पूल. कुठे जायचं-यायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांना वाटलं, हा पूल म्हणजेच पदार्थाचा कण असेल. तो काही कण निघाला नाही. पण पूल राहिला. नाव पडलं नंतर, सफरचंदातल्या अळीवरून: वरून चालत गेली तर लांबचा वळसा, पोखरून गेली तर पलीकडे. आणि ज्यांनी हे नाव दिलं त्यांनीच काही वर्षांनी हिशेब करून दाखवलं की पूल उघडतो खरा, "पण त्याचा गळा इतक्या झपाट्याने आवळतो," प्राध्यापक म्हणाले, "की या तोंडाने आत शिरलेला प्रकाशसुद्धा त्या तोंडाला पोचत नाही. मधेच अडकतो."

इथे ते झालं. तिचा डावा हात आपोआप पोकळ मुठीसारखा वळला. उजव्याची बोटं त्या पोकळीत शिरली, पेरापर्यंत, आणि डाव्या मुठीने ती गच्च धरली. हात तसेच राहिले. प्राध्यापक पुढचं वाक्य बोलून गेले, त्याच्या पुढचंही, आणि तिच्या हातांतून काहीच गेलं नाही. वर्गात कुणाच्या लक्षातही आलं नाही, एक मुलगा पेन कानात घालून खाजवत होता. खळीच्या मात्र भुवया वर गेल्या होत्या. मग तिने हात सोडवले, 'माफ कर, दोन वाक्यं गेली' असं सांगितलं, आणि गाडी पुन्हा रुळावर आणली. पण बोटांवर मुठीची ऊब तशीच होती, आणि नाकात डांबरगोळ्यांचा वास.

वास वडिलांच्या कोटाचा. जाड लोकरी, त्यांनाही मोठा होणारा तो कोट दाराच्या मागे खुंटीला टांगलेला असायचा, आणि दार उघडं टाकलं की दार, भिंत आणि कोट मिळून एक तिकोनी अंधारी जागा व्हायची, जिथे दोन मुलं मावत. दादा तिच्याहून मोठा. तो बहिरा आहे हे घरात कळलं तेव्हा हिचा जन्मही झालेला नव्हता, म्हणून तिला तो बातमीसारखा कधी वाटलाच नाही. दादा म्हणजे दादा, ज्याला हाक मारायची तर पाय आपटायचा. वाचा शिकवायला बाई येत. त्यांनी आईला बजावून ठेवलं होतं की हातवारे करू द्याल तर मुलगा जन्मभर मुका राहील, हात गप्प राहिले तरच तोंड उघडेल. आई दुष्ट नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूस सांगितलेलं सगळं करतं. ती दादाला खरोखर हातांवर बसवायची, तळवे मांडीखाली, आणि समोर ओठ मोठाले करून 'पाऽणी' म्हणायची. दादाच्या तोंडून जे यायचं त्याला पाणी म्हणायचं धाडस फक्त आईच करू जाणे. वडील बघायचे आणि पेपर चेहऱ्यासमोर धरायचे. मग दुपारी, आई पडली की दार उघडं टाकायचं, कोटामागे शिरायचं. दादा बाहीत खालून हात घालायचा, ती खांद्याकडून. आतलं अस्तर गार, गुळगुळीत. कोपराच्या जवळपास कुठे तरी अंधारात त्याची बोटं लागायची. आणि तिथे, कुणालाच, त्यांना स्वतःलाही दिसणार नाही अशा जागी ती दोघं बोलत. नखावर दाब म्हणजे आई. तळव्यावर खरवडलं म्हणजे वाचावाल्या बाई. करंगळीला करंगळीचा हिसका म्हणजे पळून जाऊ. आणखी कितीतरी होतं. वाक्यं होती, थापा होत्या, एक भुताची गोष्टही होती जी फक्त मनगटावर सांगता यायची. पाऊल वाजलं की ते तिला ऐकू यायचं, त्याला नाही. मग ती त्याची बोटं मुठीत गच्च धरायची. बंद. आणि बाहेर, सगळ्यांच्या समोर, 'चल, बाहीत' म्हणायचं तर डाव्या हाताची पोकळी करून उजव्याची बोटं हळूच आत सरकवायची. मोठ्यांना वाटायचं, मुलांना थंडी वाजतेय.

"माझा एक प्रश्न आहे," ती मोठ्याने म्हणाली. म्हणजे खळी म्हणाली. खळी हातांनी बोलू लागली की ही दुभाषी तिचा आवाज व्हायची, आणि 'मी' म्हणजे खळी असायची. इतक्या वर्षांनीही वर्गातले नवखे लोक अशा वेळी दुभाषीकडेच बघत. "असं एकही वर्महोल सापडलेलं नाही. सापडलं तरी आरपार जाता येणार नाही. मग तुम्ही आम्हाला हे शिकवता कशाला?"

वर्ग हसला. प्राध्यापकांनी बोटांवरचा खडू झटकला. ते उंच, पोक आलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरच्या हवेत बघणारे गृहस्थ होते. आज ते खळीकडे बघून बोलले.

"एक दार किलकिलं आहे. ऐंशीच्या दशकात एका कादंबरीकाराने आपल्या शास्त्रज्ञ मित्राला गळ घातली, माझ्या नायिकेला फार लांब न्यायचंय, काही सोय होते का बघ. मित्राने गणित उलट्या बाजूने मांडलं. आधी ठरवलं की गळा उघडाच राहणार. मग विचारलं, त्यासाठी आत काय भरू? उत्तर आलं, ऋण ऊर्जा. रिकाम्या जागेत असते तिच्याहूनही कमी. तिची चिमूटभर चाहूल प्रयोगांत लागते. माणूस जाईल एवढा गळा धरून ठेवण्याइतकी ती मिळेल का, तर बहुतेक नाही. आणि अलीकडे काहीजण म्हणतायत की दोन कण दूरदूर असूनही एकमेकांत गुंतलेले असतात ना, ते गुंतणं आणि हा पूल, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतील. अंदाज आहे. पण त्या पुलावरूनही निरोप जात नाही हं. नुसतंच जोडलेलं असणं." त्यांनी खडू खाली ठेवला. "वर्महोल नसेलच कदाचित. पण ते का नाही हे आम्हाला नीट सांगता येत नाही, तोवर अवकाश म्हणजे काय तेच आम्हाला कळलेलं नाही. म्हणून शिकवतो. शिवाय मला ते हवंय. असावं असं फार वाटतं. हे परीक्षेत लिहू नका."

'हवंय' ही खूण सोपी आहे. दोन्ही तळवे वर, बोटं आकडी, आणि हवेतून काहीतरी आपल्याकडे ओढायचं. ती केली तेव्हा तिला पहिल्यांदाच जाणवलं की हात रिकामेच छातीशी येतात.

बाहेर पॅसेजमध्ये खळीने तिला गाठलं. मघाशी केलीस ती खूण कुठल्या शाळेतली? तिने सांगितलं, कुठलीच नाही, चुकून झालं. "चुकून इतकं नेमकं होत नाही," खळीचे हात भरभर चालत होते. "पूल, शिरणं, अडकणं, सगळं आहे त्यात. मी वापरणार." ती म्हणाली, वापरू नकोस, खुणा तुम्ही लोकांनी बनवायच्या, ऐकू येणाऱ्या बाईने नाही, हा धंद्याचा नियम आहे. खळीने मान वाकडी केली. "मग तुला कुठून मिळाली?" पुढच्या तासाला उशीर होतोय, असं सांगून ती जिना उतरली. आठवड्याच्या शेवटी तिने खळीला कॅन्टीनमध्ये तिच्या मैत्रिणींशी बोलताना काचेतून पाहिलं, आणि त्यांच्यातली एक, जिला तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं, डाव्या मुठीत उजवी बोटं घालत होती. ती चहा न घेताच परत फिरली. आपले आतले कपडे कुणीतरी गच्चीवर वाळत घातलेले दिसावेत, तसं तिला वाटलं. आणि त्या लाजेच्या तळाशी एक भलताच आनंदही होता: कुणीतरी ते बोलतंय.

दादाला निवासी शाळेत टाकलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तो सुटीत परत आला तो उंच होऊन, एका भुवईत खोक पडून, आणि हात भलतेच वेगवान होऊन. शाळेतही हातांना बंदीच होती, पण रात्री खोलीतले दिवे मालवायच्या आधी मोठी मुलं लहानांना खरी भाषा शिकवायची. बहिऱ्यांची, हजारो माणसांची, व्याकरण असलेली. दादाला तिकडे नाव मिळालं होतं, भुवई. तिने त्याला पाहिल्या पाहिल्या डाव्या हाताची पोकळी करून बोटं आत सरकवली. तो हसला. वाईट हसला नाही; मोठी मुलं लहानांच्या बोबड्या बोलांना हसतात तसा हसला, आणि तिच्या डोक्यावर टप्पल मारून अंगणात गेला. ती कोटामागे जाऊन उभी राहिली, खांद्याकडून हात घालून, बराच वेळ. अस्तर तापेपर्यंत. नंतर ती त्याची मोठी भाषा शिकली, त्याच्याकडून, त्याच्या मित्रांकडून, झपाटल्यासारखी. त्यांनी तिलाही नाव दिलं, शेपटा, जे केस कापून अर्धं आयुष्य झालं तरी तसंच चालू आहे. या व्यवसायात कशा आलात, असं लोक विचारतात. ती 'भाऊ' म्हणते, आणि लोकांचे चेहरे मऊ होतात, त्यांना काहीतरी कळल्यासारखं वाटतं. पण ती मोठी भाषा शिकली ते छोटीकडे परत जाता यावं म्हणून, हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. त्या भाषेत बोलणारी जगात दोनच माणसं. दोघंही एकाच शहरात राहतात, दर पंधरवड्याला भेटतात, गुडघेदुखीवर आणि वीजबिलावर बोलतात.

रविवारी ती दादाकडे गेली. तो छापखान्यातून निवृत्त झालेला. यंत्रांच्या ज्या खडखडाटात बाकीचे कामगार हळूहळू कान गमावत, तिथे हा निवांत काम करून बाहेर पडला, आणि हा विनोद तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. वहिनीही बहिरी. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि शेजारच्या बिऱ्हाडाशी एकच पातळ भिंत सामाईक. दाराशी बेल नव्हती, दिवा होता. बटण दाबलं की आत लखलखायचा. वहिनीने दार उघडलं आणि हिचा चेहरा बघूनच विचारलं, काय झालं?

तिने टेबलाशी बसून सगळं सांगितलं. आधी वर्महोल, कारण त्याशिवाय पुढचं कळलं नसतं. दादा डाळिंब सोलता सोलता बघत होता; त्यांच्या घरात बोलताना हातातलं काम खाली ठेवावं लागतं, म्हणून डाळिंब संपता संपत नव्हतं.

"म्हणजे कुणी पाहिलेलं नाही," तो हातांनी म्हणाला.

"नाही."

"आणि आत गेलं तर बाहेर येता येत नाही."

"गळा बंद होतो."

"आणि प्राध्यापकाला याचा पगार मिळतो." त्याने वहिनीकडे बघून डोळा मारला. "मी उगाच शाईत हात काळे केले."

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या आडोशाने तिने ती खूण केली. पोकळी, बोटं, मूठ. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की तिला वाटलं, टेबलातून त्याच्या कोपरांना कळत असेल.

दादाने पाहिलं. पुन्हा कर म्हणाला. पुन्हा पाहिलं. मग स्वतः करून बघितली, भुवया आक्रसून, नव्या बुटात पाय घालून बघावा तशी. "खाली होतेय फार," तो म्हणाला. "मागच्या बाकावरून दिसणार नाही. छातीशी कर. आणि आवळताना मूठ फिरव, म्हणजे 'पकडलं' नाही वाटणार, 'आवळलं' वाटेल." वहिनीने करून पाहिली आणि मान डोलावली. हो, आता बरी आहे.

"दादा, ही आपली आहे."

"आपली?"

ती उठली. खुर्चीच्या पाठीवर त्याचं जाकीट होतं, तेच उचललं. खांद्याकडून हात बाहीत घातला आणि बाहीचं तोंड त्याच्यापुढे धरलं. मग, धाकट्या बहिणीने काही मागितलं तर नाही कसं म्हणायचं, अशा चेहऱ्याने त्याने खालून हात घातला. त्याची बोटं आली, जाड, छापखान्याने खरखरीत केलेली. तिने त्याचं नख दाबलं. आई. तळव्यावर खरवडलं. वाचावाल्या बाई. करंगळीला हिसका दिला. त्याचा हात तिच्या हातात नम्रपणे पडून होता, दवाखान्यात नाडी बघायला दिल्यासारखा. जराशाने त्याने तो काढून घेतला, कारण त्याला बोलायचं होतं.

"कोट आठवतो," तो म्हणाला. "वास आठवतो. हे नाही आठवत. तू म्हणतेस तर असेल."

"आपण तासन् तास बोलायचो."

"असेल." त्याने डाळिंबाचं साल गोळा करून बाजूला सारलं. "तेव्हाची मला तुझी पाठ आठवते. तू स्वयंपाकघरात आईशी बोलायचीस. तुझी पाठ माझ्याकडे, आणि खांदे हलताहेत. आई हसायची, ओट्याला टेकून, डोळे पुसायची. मी तुझा फ्रॉक ओढायचो, काय, काय? तू वळून सांगायचीस, 'मांजर'. आणि परत तिकडे. मला कळायचं नाही, एवढ्या हसण्यात नुसतं मांजर कसं असेल?" तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. त्याचे हात सावकाश चालले होते, फार दिवस ठेवलेली वस्तू कुठे धक्का न लावता काढावी तसे. "आईला एवढं हसताना मी तेवढंच पाहिलं. काय होतं गं ते?"

ती आठवू लागली. स्वयंपाकघर आठवलं, ओट्याची कड, आईचा ओला हात. मांजर कुठलं? शेजारचं? तिने जीव तोडून आठवलं. काही, काहीच येईना. जे तो आयुष्यभर तिच्याकडची ठेव समजत आला होता ते तिने कधी जपलंच नव्हतं. तिला ऐकू येत होतं, म्हणून तिला ते जपायची गरज पडली नव्हती. तिने मान हलवली. दादाने 'असू दे' केलं आणि डाळिंबाचे दाणे तिच्याकडे सरकवले. वहिनी उठून खिडकी लावायला गेली.

भिंतीपलीकडे भांडं आपटलं. मग बाईचा आवाज चढला, मग पुरुषाचा. ती सवयीने दचकली. दादाने ते पाहिलं.

"काय झालं?"

"शेजारचे भांडतायत."

"ते?" त्याला आश्चर्य वाटलं. "जिन्यात तर फार गोड असतात. कशावरून?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने खुर्ची उचलून फिरवली, पाठ भिंतीला लावली, दादा-वहिनीच्या समोर झाली. हात वर घेतले. भिंतीतून आवाज तिच्या पाठीच्या कण्यात येत होता.

"ती म्हणते, तुमच्या आईने पुन्हा माझी कात्री घेतली. तो म्हणतो, माझ्या आईला कात्री कशाला लागते? ती म्हणते, मिशा कापायला."

वहिनीने तोंडावर हात दाबला. दादाचे डोळे मोठे झाले.

"तो म्हणतो, तोंड सांभाळ. ती म्हणते, मी सांभाळतेच आहे, त्यांनी त्यांचं सांभाळावं, दाढी यायला लागलीय. आता म्हातारी आली. म्हातारी म्हणतेय, मला सगळं ऐकू येतंय. ती म्हणतेय, सोयीचं तेवढं बरं येतं. तो म्हणतोय, दोघी गप्प बसा. आता त्या दोघी मिळून त्याच्यावर घसरल्यात. कात्री त्यानेच नेली होती. पतंग... नाही, पिशवी. दुधाची पिशवी कापायला."

दादा टेबलावर थापा मारून हसत होता, घशातून येणाऱ्या त्या मोठ्या, बेसूर आवाजात, जो लहानपणी आई दाबायला लावायची. या भिंतीला खाट टेकवून तो आणि वहिनी किती वर्षं झोपले होते, आणि भिंत आज पहिल्यांदा बोलत होती. "म्हातारी मिशीवर काय म्हणाली?" वहिनीने विचारलं, "ते राहिलं." तिने ते सांगितलं. म्हातारीचा आवाज कसा चिरका आहे तेही सांगितलं. सुनेचा शब्दाच्या शेवटी वर जातो, मुलाचा नाकातून येतो. तिचे खांदे भरून आले, मनगटं दुखायला लागली. अशा कामाला दोन दुभाषी लागतात, आलटून पालटून. ती थांबली नाही.

मग पलीकडचे आवाज कमी होत गेले. दार लागलं. दादा पुढे वाकून बसला होता, ओठ अर्धवट उघडे, चेहऱ्यावर अजून हसू, पोरासारखा. त्याने बोट फिरवून विचारलं, पुढे?

ती कान देऊन ऐकत होती. पलीकडे आता कुणीच बोलत नव्हतं.

"कुणीतरी खुर्ची ओढली," तिचे हात म्हणाले. "जड माणूस आहे. बसला. नळ सोडलाय, बारीक. म्हातारी खोकतेय, पण खोटं. आता पाण्यात चमचे पडतायत, एक, आणखी एक. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करतंय, होत नाहीये. पुन्हा करतंय."